असाइनमेंटचे गणित समजते पण सुटत नाही: घोडे नेमके कुठे पेंड खाते ते कसे शोधावे

अभियांत्रिकीच्या किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुले माझ्याकडे एक तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत घेऊन येतात. फिजिक्स, केमिस्ट्री किंवा एम-वन या गणिताच्या पहिल्या पेपरचे गणित कोणी सोडवून दाखवले की पूर्ण समजते, वहीत उतरवून घेताना कुठेही अडत नाही, पण दोन दिवसांनी त्याच प्रकारचे दुसरे गणित समोर आले की पहिल्या-दुसऱ्या ओळीवरच पेन थांबते. मग पुन्हा कोणाची तरी मदत, पुन्हा तात्पुरते समाधान, आणि सबमिशनच्या आठवड्यात पुन्हा येरे माझ्या मागल्या. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी या मुलांसोबत बसते, आणि माझे आता ठाम मत झाले आहे की या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा मदत मागण्याच्या पद्धतीत असते. मुले संपूर्ण गणिताची मदत मागतात, आणि त्यांना मदत लागत असते त्यातल्या एखाद्याच ओळीची. ती ओळ कोणती हे ज्याला सांगता येते त्याचे काम दोन मिनिटांत होते; ज्याला सांगता येत नाही त्याला अर्धा तास शिकवूनही ते हाती लागत नाही.

आधी ओळ शोधा

सोडवलेले गणित वाचताना पुढची ओळ मागच्या ओळीवरून बरोबर येते एवढेच आपण पडताळत असतो. ती ओळ आपल्याला आपणहून सुचली असती का, हा प्रश्न त्या वेळी मनात येतच नाही, आणि म्हणून सगळे समजल्यासारखे वाटते. याची तपासणी सोपी आहे. मदत घेऊन सोडवलेले गणित मिटून ठेवा, तासभर दुसरे काही काम करा, आणि मग कोऱ्या कागदावर फक्त प्रश्न समोर घेऊन बसा. हात जिथे थांबेल तिथे वही उघडू नका. त्याऐवजी, का थांबलो ते मराठीत एका पूर्ण वाक्यात लिहा. ‘येत नाही’ हे वाक्य चालणार नाही. ‘घर्षण वरच्या दिशेने घ्यायचे की खालच्या, हे मला ठरवता येत नाही’ हे चालेल. माझ्या अनुभवात हे वाक्य लिहिता लिहिताच निम्म्या मुलांचा गुंता सुटतो, कारण आतापर्यंत धूसर असलेल्या अडचणीला त्यांनी पहिल्यांदाच नाव दिलेले असते.

प्रश्नाची भाषा

अडलेली ओळ कित्येकदा उत्तरात नसतेच, ती प्रश्नात असते. पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले असतात आणि अकरावीपासून त्यांचे सगळे विज्ञान इंग्रजीत जाते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असे नाही. पण न्यूमेरिकलमधले साधे दिसणारे शब्द हे खरे तर पारिभाषिक शब्द असतात आणि प्रत्येक शब्दाआड एक समीकरण दडलेले असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ‘स्मूथ’ पृष्ठभाग म्हणजे घर्षण शून्य. ‘लाइट’ दोरी म्हणजे जिचे वस्तुमान शून्य धरायचे अशी दोरी, आणि म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ताण सारखा. ‘रिलीज्ड फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘जस्ट बिगिन्स टू स्लाइड’ म्हणजे घर्षण आपल्या कमाल मर्यादेला पोहोचले आहे, आणि स्थितिक घर्षण फक्त त्याच क्षणी ‘म्यू गुणिले एन’, म्हणजे घर्षणाचा गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, इतके लिहिण्याची मुभा तुम्हाला आहे. केमिस्ट्रीत एखादा पदार्थ ‘एक्सेस’मध्ये आहे असे म्हटले, की हिशेब दुसऱ्या पदार्थावरून करायचा हे तिथेच सांगून झालेले असते.

म्हणून मी मुलांना एक सवय लावते. आकृती काढण्याआधी प्रश्न आपल्या शब्दांत, दोन-तीन ओळींत, मराठीत लिहायचा आणि वरच्यासारखा प्रत्येक शब्द आला की त्याच्यासमोर त्याचे समीकरण लिहायचे. परीक्षेत उत्तर इंग्रजीतच लिहायचे असते, ते तसेच लिहावे. पण विचार ज्या भाषेत मोकळा होतो त्या भाषेत प्रश्न एकदा मांडला नाही, तर पुढचे सगळे पाठांतरावर चालते. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनाही मी हेच सांगते, फक्त त्यांनी ते इंग्रजीत लिहिले तरी चालते.

फिजिक्सचे एक गणित, ओळीओळीने

गेल्या सत्रात एक मुलगी पुढील गणित घेऊन आली. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोग्रॅमचा ठोकळा स्थिर ठेवलेला आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.२ आहे, आणि ठोकळ्याला २० न्यूटनचे आडवे, म्हणजे जमिनीला समांतर, बल उताराच्या दिशेने आत ढकलत आहे. ठोकळ्याचे काय होईल आणि घर्षण किती असेल, असा प्रश्न होता. तिने उत्तर काढले होते की ठोकळा सुमारे ३.१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने खाली घसरेल. पुस्तकातले उत्तर वेगळे होते, मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेले तिसरेच होते, आणि पूर्ण गणित पुन्हा सोडवून दाखवा अशी तिची मागणी होती. मी ते सोडवले नाही. तिचेच उत्तर मी तिला मोठ्याने वाचायला लावले.

तिने लंब प्रतिक्रिया ५ गुणिले ९.८ गुणिले कॉस ३०, म्हणजे ४२.४ न्यूटन घेतली होती, त्यावरून घर्षण ८.५ न्यूटन काढले होते, आणि बल वर ढकलत असल्यामुळे घर्षण खालच्या दिशेने धरले होते. मग ढकलण्याच्या बलाचा उतारावरचा घटक १७.३ न्यूटन वर, वजनाचा घटक २४.५ न्यूटन खाली, घर्षण ८.५ न्यूटन खाली; बेरीज १५.७ न्यूटन खाली. आकडेमोड अचूक होती. मी विचारले, ‘ठोकळा खाली घसरतो आहे ना? मग घर्षण कोणत्या दिशेला हवे?’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, वर. म्हणजे मी ते उलटे घेतले.’ तिची तिसरी ओळ चुकली होती हे तिच्याच उत्तराने तिला सांगितले.

तिथून पुढचे तिचे तिनेच केले, आणि ते पाहण्यासारखे होते. घर्षण वर घेतल्यावर तिला घर्षण ८.५ आणि खाली ओढणारे बल २४.५ वजा १७.३, म्हणजे ७.२ न्यूटन मिळाले, आणि ठोकळा घर्षणामुळे वर सरकू लागेल असे उत्तर आले. हे अशक्य आहे हे तिने स्वतःच ओळखले, कारण स्थिर ठोकळ्याला उताराचे घर्षण स्वतःहून चढावर सरकवू शकत नाही. घर्षण ‘म्यू गुणिले एन’ इतके असते असे नाही, ते जास्तीत जास्त तेवढे असू शकते, हे वाक्य तिने अकरावीपासून चार वेळा तरी लिहून घेतले असेल. त्याचा अर्थ तिला त्या संध्याकाळी कळला. घसरण थांबवायला ७.२ न्यूटन पुरेसे आहेत, म्हणून घर्षण ७.२ न्यूटन, वरच्या दिशेने, आणि ठोकळा जागचा हलत नाही. लंब प्रतिक्रियेतली दुसरी चूक शेवटी सापडली: आडवे बल ठोकळ्याला उतारावर दाबतेसुद्धा, त्यामुळे तिच्यात २० गुणिले साइन ३०, म्हणजे आणखी १० न्यूटन मिळवायचे राहिले होते. प्रतिक्रिया ५२.४ आणि घर्षणाची कमाल मर्यादा १०.५ न्यूटन. या चुकीने अंतिम उत्तर बदलले नाही, आणि अशा चुका मला अधिक धोक्याच्या वाटतात, कारण उत्तर जुळल्यावर त्या कोणी शोधत नाही.

केमिस्ट्रीत ताजवा हाताशी ठेवा

लिमिटिंग रिएजंटच्या, म्हणजे आधी संपणाऱ्या पदार्थाच्या, गणितांत सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे ग्रॅमची तुलना करणे. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ७ ग्रॅम हायड्रोजन घेऊन अमोनिया तयार केला, अभिक्रिया पूर्ण झाली असे मानले, तर अमोनिया किती मिळेल? ७ ग्रॅम हे २८ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणून हायड्रोजन आधी संपेल असे धरून मुले हिशेब करतात: ३.५ मोल हायड्रोजन, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे २.३३ मोल अमोनिया, आणि त्याचे वजन ३९.७ ग्रॅम. आता घातलेले एकूण वजन पाहा: २८ अधिक ७, म्हणजे ३५ ग्रॅम. भांड्यात ३५ ग्रॅम घालून ३९.७ ग्रॅम बाहेर येऊ शकत नाही. एक मोल नायट्रोजनला तीन मोल हायड्रोजन पुरतो, इथे साडेतीन मोल आहे, म्हणून नायट्रोजन आधी संपतो, ३४ ग्रॅम अमोनिया मिळतो आणि १ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहतो. ३४ आणि १ मिळून ३५. हा ताळा करायला दहा सेकंद लागतात, आणि तो चुकला की चूक मोल काढण्याच्या ओळीत आहे की तुलनेच्या ओळीत, एवढेच शोधायचे उरते.

पीएचच्या गणितांतही असाच अंदाज आधी बांधावा. हायड्रोजन आयनांची संहती २ गुणिले १० चा उणे तिसरा घात असेल, तर पीएच २ आणि ३ यांच्या मध्ये असणार, उत्तर २.७ येते. ३.३ आले तर लॉगची बेरीज-वजाबाकी उलटी झाली आहे, रसायनशास्त्र बरोबर आहे.

कॅल्क्युलस

इथे मुले सर्वांत लवकर हताश होतात. एकच नमुना सांगते. ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवलेली आहे, तिचा पाया भिंतीपासून ३ मीटरवर असताना ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर सरकतो आहे, तर वरचे टोक किती वेगाने खाली येते? मुले पायथागोरस लिहितात, लगेच ३ ही किंमत घालतात, उंची ४ मीटर काढतात, आणि मग डेरिव्हेटिव्ह घेतात. ४ ही स्थिर संख्या आहे, तिचा डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजे पाया सरकतो आहे आणि टोक हवेत जागच्या जागी आहे. शिडी डोळ्यांपुढे आणली की हे उत्तर पटत नाही. दोन्ही अंतरे बदलती ठेवून आधी डेरिव्हेटिव्ह घ्यायचा आणि किंमती शेवटी घालायच्या, की ३ भागिले ४ गुणिले ०.५, म्हणजे ०.३७५ मीटर प्रति सेकंद मिळतात. किंमती घालण्याची ओळ एक जागा वर सरकली होती, एवढाच दोष.

कॅल्क्युलेटरवर साइन एक्स भागिले एक्स याची शून्याजवळची किंमत १ च्या ऐवजी ०.०१७४५ येत असेल, तर कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे. ती संख्या म्हणजे पाय (π) भागिले १८०. आणि एक्सच्या वर्गाने १ ला भागून उणे १ ते १ पर्यंत इंटिग्रेशन केल्यावर उणे २ येत असेल, तर जे फल कुठेही ऋण होत नाही त्याखालचे क्षेत्र ऋण कसे, हा प्रश्न स्वतःला विचारा. मधल्या शून्यावर ते फल अनंताकडे जाते, तिथून सरळ सूत्र लावून पलीकडे जाता येत नाही, आणि या इंटिग्रलला सांत किंमतच नाही.

मदत कोणाकडे आणि कशी मागावी

प्रॅक्टिकल संपल्यावर कॉरिडॉरमध्ये सरांना किंवा मॅडमना गाठून ‘हे सम येत नाही’ असे म्हटले, तर उत्तर बहुधा ‘उद्या ये’ असेच मिळते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. संपूर्ण गणित उभ्या उभ्या शिकवता येत नाही. तेच तुम्ही वही उघडून म्हणालात की आकृती काढली आहे, चारही बले दाखवली आहेत, लंब दिशेचे समीकरण लिहिले आहे, पण ढकलण्याचे बल वर आणि वजनाचा घटक खाली असल्यामुळे घर्षणाची दिशा ठरत नाही, तर जिना उतरता उतरताही उत्तर मिळेल. शिकवणाऱ्याला असा प्रश्न मनापासून आवडतो, हे मी पलीकडच्या बाजूने सांगते आहे.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता प्रश्नाचा फोटो टाकला की उत्तराचा फोटो येतो आणि तो असाइनमेंटमध्ये उतरतो. त्याने सबमिशन होते. इनसेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, त्याचा काही उपयोग होत नाही. फोटो काढताच पायऱ्यांसह उत्तर देणारी ॲप आणि एआयची साधने यांचेही तसेच आहे. ती वापरू नका असे मी म्हणणार नाही, पण आधी स्वतःचा प्रयत्न कागदावर असू द्या आणि त्यांना संपूर्ण उत्तर न मागता ‘माझ्या तिसऱ्या ओळीत चूक आहे का, आणि असेल तर फक्त इशारा दे’ असे विचारा. जे येईल त्याला वरचेच ताळे लावा, कारण ती साधनेही चुकतात आणि चुकताना त्यांचा सूर मुळीच बदलत नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सरकारी उपक्रमावर आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत आणि त्यांतली पुष्कळ फार चांगली आहेत. मात्र तासभर व्याख्यान पाहणे हेही पाहणेच आहे, म्हणून दर दहा मिनिटांनी थांबवून पुढची ओळ आपण लिहावी आणि मग पुढे जावे.

पुस्तकासाठी अप्पा बळवंत चौकात गेलात तर सगळी गणिते सोडवून दिलेले गाइड घेण्याआधी, ज्यात प्रकरणाच्या शेवटी केवळ अंतिम उत्तरे आहेत असे एखादे जुने पुस्तक शोधा. केवळ उत्तर असले की ताळा करता येतो, आणि उतरवून घेण्यासारखे काही समोर नसते.

उत्तर बरोबर असूनही जुळत नाही तेव्हा

यात मुलांचे तासन् तास जातात, म्हणून वेगळे लिहिते. गुरुत्वत्वरण ९.८ घेतले की १०, हा फरक दोन टक्क्यांचा आहे, पण दोन जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी आली की तो फुगतो. वरच्याच ठोकळ्याच्या गणितात १० घेतले तर घर्षण ७.२ च्या जागी ७.७ येते, म्हणजे जवळपास सात टक्के अधिक, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. एस.टी.पी.ला, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाबाला, वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर की २२.७, याचेही तसेच आहे: आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार असा बदलला, पण अनेक पुस्तकांत जुनाच आकडा चालू आहे. प्रश्नपत्रिकेत जो दिला असेल तो घ्यावा. प्रॅक्टिकलला पाण्याचा उत्कलनबिंदू १०० ऐवजी सुमारे ९८ अंश आला म्हणून जर्नलमध्ये १०० लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी आहे, आणि ९८ हेच तुमचे खरे वाचन आहे. ते तसेच लिहा आणि व्हायवाला कारण सांगा.

तरीही तेच होत असेल तर

मग चूक चालू विषयात नाही, मागे राहिली आहे. एम-वनमध्ये अडणाऱ्या मुलांचे कागद तपासले तर पार्शल डेरिव्हेटिव्हची कल्पना त्यांना बऱ्यापैकी कळलेली असते आणि गणित फसते ते अपूर्णांकांच्या बेरजेत, घातांकात किंवा लॉगच्या नियमात. हे शोधण्यासाठी चुकांची एक छोटी वही ठेवा. अडलेली प्रत्येक ओळ तारीख घालून तिच्यात लिहायची, गणित लिहायचे नाही, फक्त ती ओळ आणि एका वाक्यात कारण. उताराचे गणित घेऊन आलेल्या त्या मुलीच्या वहीत पहिल्या महिन्यात ‘घटक काढताना साइन आणि कॉस यांची अदलाबदल’ ही नोंद तीन वेळा आली होती, एकदा फिजिक्समध्ये आणि दोनदा गणितात. तिसरी नोंद दिसली त्या संध्याकाळी आम्ही असाइनमेंट बाजूला ठेवली आणि दीड तास फक्त काटकोन त्रिकोण काढले, कोन कधी आडव्या बाजूकडून तर कधी उभ्या बाजूकडून मोजत. जाताना तिने वहीतल्या त्या तिन्ही नोंदींवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली, आणि चौथी नोंद आली तर रेघ खोडता यावी म्हणून पेन वापरले नाही, असे तिने मला सांगितले.